‘लोक भुलतात’ याच्या पुढचं

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

पॉप्युलिझमवरचा, म्हणजे ‘जनता विरुद्ध वरचे’ अशा राजकारणावरचा, तुझा निबंध वाचला. भाषा सुटसुटीत आहे. पण ‘लोक भाषणांना भुलतात’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं आणि दर वेळी विचार तिथेच थांबतो. कोण भुलतात, आणि नेमके तेव्हाच का, हे समाजशास्त्रानं विचारायचं असतं.

अर्जेंटिनाच घे. १७ ऑक्टोबर १९४५ ला कामगारांचे लोंढे ब्यूनोस आयर्सच्या चौकात उतरले, अटकेत असलेल्या पेरॉन या लष्करी अधिकारी-नेत्याची सुटका झाली आणि पुढच्या वर्षी तो अध्यक्ष म्हणून निवडून आला. समाजशास्त्रज्ञ जिनो जर्मानी याचं म्हणणं असं, की खेड्यांतून नुकतेच शहरात आलेले, जुने आधार तुटलेले आणि संघटनेची सवय नसलेले मजूर एका माणसाभोवती गोळा झाले. ऐकताक्षणी पटतं ना? तिथेच सावध व्हायचं. १९७१ मध्ये मुर्मिस आणि पोर्तान्तिएरो या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की मुरलेल्या युनियन पुढाऱ्यांचाही त्यात मोठा हात होता. आधी दाद न मिळालेल्या मागण्या पेरॉनकडे कामगार खातं आल्यावर मान्य होऊ लागल्या होत्या. या पुढाऱ्यांनी हिशेब करून साथ दिली. यांना भुललेले कसं म्हणणार?

अर्थात नुसत्या हिशेबानंही सगळं उलगडत नाही. आर्ली हॉकशिल्ड ही अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पाच वर्षं लुइझियानातल्या उजव्या मतदारांमध्ये जाऊन-येऊन राहिली. त्यांच्या मनातली गोष्ट तिनं अशी मांडली: आपण कधीचे रांगेत उभे आहोत, रांग हलत नाही, पुढे कुणीतरी घुसतंय आणि ज्यानं रांग सांभाळायची तोच घुसणाऱ्यांना हात देतोय. खरोखर कोण घुसलं, याची आकडेवारी काढून हा राग निवत नाही. पगार तोच राहूनही माणसाला आपली पत घसरल्यासारखी वाटू शकते. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तू त्याला जेमतेम दोन ओळी दिल्यास.

समजून घेणं म्हणजे बाजू घेणं नव्हे, हेही लिही. राज्यशास्त्रज्ञ कास मुड्डेची पॉप्युलिझमची २००४ ची व्याख्या तू दिलीच आहेस: एकीकडे शुद्ध जनता, दुसरीकडे भ्रष्ट अभिजन. पण वरच्यांवर टीका तर सगळेच विरोधी पक्ष करतात. म्हणून यान-वेर्नर म्युलर या राजकीय विचारवंताची कसोटी मला जास्त उपयोगी वाटते. तो म्हणतो, ‘खरी जनता म्हणजे फक्त आम्हीच’ असा दावा आहे का ते बघा. तो असला, की विरोधात मत देणारा जनतेतूनच बाद होतो. लाक्लाउ हा पॉप्युलिझमचा सिद्धांतकार तू मन लावून वाचला आहेस. विखुरलेल्या मागण्या एका नावाखाली कशा जोडल्या जातात, हे त्यानं फार बारकाईनं सांगितलंय (वाक्यं मात्र जीव घेतात!). पण त्या ‘जनते’त कुणाला घेतलं नाही, यावर त्याचा भर मला कमी वाटतो. तिथे त्याला बिनधास्त अडव.

समाजशास्त्रज्ञ वेबरच्या करिश्म्यावरचं, म्हणजे नेत्याच्या व्यक्तिगत मोहिनीवरचं, पान कापलंस तरी चालेल, ती जागा लुइझियानाला दे. सुधारलेला मसुदा रविवारपर्यंत पाठव, म्हणजे मला निवांत वाचता येईल. आईचा फोन उचलत जा.

तुझा,
बाबा