कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

महोदय,

सोलापुरातील विडी व यंत्रमाग कामगारांच्या तपासणीच्या नोंदींवरून संगणकाला मधुमेह ओळखायला शिकवायचे असेल, तर न झालेल्या चाचणीपुढे कृपया शून्य लिहू नका. अमेरिकेतील पिमा आदिवासी महिलांच्या 'पिमा' या प्रसिद्ध मधुमेह माहितीसंचात 768 पैकी 35 जणींचा रक्तदाब शून्य आहे. जिवंत माणसाचा? इन्सुलिन तर 374 नोंदींत शून्य! असे रकाने आधी कोरे करा. मग संगणकाला शिकवायच्या व नंतर त्याची परीक्षा घ्यायच्या नोंदी वेगळ्या करून फक्त शिकवणीच्या नोंदींचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) दोन्हीकडच्या कोऱ्या जागी भरा. क्रम उलटला, तर परीक्षेतली माहिती शिकवणीत झिरपते आणि अचूकता खोटी फुगू शकते. शेजारी 'मोजले नव्हते' असा 0/1 (नाही/होय) रकाना हवाच, कारण डॉक्टर चाचणी कोणाला सांगतात, हीही माहितीच असते.

— एक वाचक, सोलापूर