ह्यात वजन कुठाय?

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय वैजू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "ओळख ना पाळख, अशा माणसांचे फोटो काढून तुला मिळतं तरी काय?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि उत्तर राहून गेलं. आज सावकाश लिहिते.

रविवारी सकाळी मी मंडईत असते, हे तुला माहीत आहेच. महात्मा फुले मंडई, १८८६ साली बांधलेली, तेव्हाचं रे मार्केट. आत उजेड कमी. उंचावरून जो येतो तो एखाद्याच गाळ्यावर पडतो आणि बघता बघता सरकतो. माझी लेन्स ३५ मिमीची, झूम नाही. बाहेर उन्हात अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, एफ ८ वर (बऱ्यापैकी लहान) आणि फोकस आठ फुटांवर आधीच लावून ठेवते. मग सहा ते पंधरा फुटांतलं सगळं स्पष्ट येतं आणि ऐन वेळी फक्त बटण दाबायचं उरतं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ कॅमेऱ्याच्या चकाकत्या भागांवर काळी टेप लावायचा. मीही लावली आहे. एवढं करून दोनशेतला एखादा फोटो ठेवण्याजोगा निघतो. कुणी मध्ये येतं, ऊन सरकतं. त्याचं मला वाईट वाटत नाही.

अवघड आहे ते वेगळंच. गेल्या पावसाळ्यात बाहेर फुटपाथवर एक मावशी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. सुतळीचं टोक दातात, बोटं हिरवीगार. छायाचित्रकार रघुबीर सिंह रंगीत फोटोंवर का ठाम राहिले ते अशा बोटांपाशी कळतं. कृष्णधवलमध्ये ती नुसती मळकी दिसली असती. मी फोटो काढला आणि त्यांनी मान वर केली. "कारवाईला आलीस का गं?" एक हात पाटीकडे गेलेला, उचलून पळायच्या बेतात.

माझ्यासाठी जे चित्र, तो त्यांच्यासाठी पुरावा, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्यासमोर फोटो पुसला. नंतर दोन आठवडे कॅमेरा कपाटातच होता. आता कुणी हात आडवा केला की मी थांबते. झोपलेल्या माणसाचा फोटो काढत नाही. बरोबरची मंडळी म्हणतात, विचारत बसलीस तर क्षण जातो. जातो, खरं आहे. जाऊ दे.

आणि मिळतं काय? ऐक. मंडईत एक हमालकाका आहेत, साठीच्या पुढचे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. त्यांचा एक फोटो मला फार आवडला होता: मागे उन्हाचा पट्टा, त्यातून झोकात चाललेले काका. मोठी प्रिंट काढून नेऊन दिली. त्यांनी धोतराला हात पुसले, फोटो कडेने धरला, बराच वेळ पाहिला. म्हणाले, "छान आहे पोरी. पण ह्यात वजन कुठाय?"

मी गप्प. मग त्यांनीच दाखवलं. पाटी डोक्यावर आली की मानेची ही शीर फुगते, पायाचा अंगठा जमिनीत रुततो. ओझं जड असलं की हमाल बोलत नाही, नुसतं "हं, हं" करत वाट मागतो. इतकी वर्षं मी उन्हाचा पट्टा बघत होते, वैजू!

पुढचा दीड महिना मी फक्त माना आणि पावलं पाहिली. एक फोटो जमला. पायरीवर त्यांचं पाऊल, बोटं फाकलेली, टाच उचललेली, शेजारी कोबीचं तुडवलेलं पान. चेहरा नाहीच. तो दिला तेव्हा काका लगेच शेजारच्या गाळ्यावर दाखवायला घेऊन गेले. "हे बघ, पाटी भरलेली होती. चाळीस किलो तरी." पाटी फोटोत कुठेच नव्हती.

त्यांना गावी पाठवायला आणखी एक प्रत हवी आहे, पुढच्या रविवारी न्यायची आहे. तू तोवर येतेयस ना? साडेसहाला निघू. चप्पल नको, बूट घाल, आत फरशी ओली असते. आणि काकांशी बोलायचं ते त्यांनी पाटी उतरवल्यावर.

तुझीच,
मंजू