छाटणीआधी वीस मिनिटं फांदीकडे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर फांदी कोसळून कुणाला इजा होऊ नये म्हणून एप्रिल-मेमध्ये सोसायट्या आणि बंगल्यांच्या आवारात छाटणी होते. हेतू रास्तच आहे. पण फेब्रुवारी ते जून हाच आपल्याकडच्या परसातल्या बहुतेक पक्ष्यांचा विणीचा काळ असतो आणि कोयता चालतो तो नेमका भरलेल्या घरट्यांवर.

तांबट पक्ष्याचं उदाहरण घ्या. ‘टुक्‌ टुक्‌’ आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, पण घर कुणाला दिसत नाही. शेवगा, पांगारा, गुलमोहर अशा मऊ लाकडाच्या झाडाची वाळलेली फांदी नर-मादी मिळून कोरतात. बिळाचं तोंड जेमतेम दोन बोटं रुंद आणि आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला असतं, म्हणजे पाऊस आत जात नाही. शिडीवर चढलेल्या माणसाला वरून ते दिसणं शक्यच नसतं. शिवाय वाळलेली म्हणून पहिला घाव त्याच फांदीवर पडतो. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत इथे जवळपास सात आठवडे जातात. खाली वाट, छप्पर किंवा गाडी लागण्याची जागा नसेल, तर वाळली फांदी मुळात काढायची गरजच काय? काढावीच लागली तर भोक नसल्याची खात्री करून खोडाकडचा चार-पाच फुटांचा तुकडा राहू द्यावा. तांबटाने सोडलेल्या बिळात पुढे पिवळ्या गळ्याची रानचिमणीही संसार थाटते; लहानग्या सलीम अलींना पक्ष्यांच्या वाटेला लावणारी ती हीच.

शिंजीर या फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या पक्ष्याच्या घरट्याची तऱ्हा उलटी. ते डोळ्यांसमोर लोंबत असतं, पण कचरा वाटतं. कोळ्याच्या जाळ्यात सालींचे कपटे, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठा चिकटवलेली लांबट पिशवी, बाजूला तोंड आणि त्यावर छोटीशी पडवी. व्हरांड्यातल्या वायरीवरची अशी घरटी जळमटं समजून केरसुणीनं ओढली जातात. झाडण्याआधी ती पडवी आहे का, तेवढं बघा. पानं शिवून घर करणाऱ्या शिंपी पक्ष्याचं घरटं जास्वंदीत किंवा बदामाच्या रुंद पानांत, कमरेइतक्या उंचीवरही असतं. पानाच्या कडा जोडलेल्या दिसल्या तर जवळून टाके बघा: बारीक भोकातून ओढलेला कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा, बाहेरच्या बाजूला त्याचा पिंजलेला बोंडका. बुलबुलाची वाटी कुंपणाच्या मेंदीत सापडते, त्यामुळे कात्रीनं कुंपण सरळ करताना तिची दैना होते.

म्हणून छाटणी ठरली की आदल्या दोन सकाळी, सात ते नऊच्या दरम्यान, झाडापासून पंचवीस-तीस फुटांवर बसून वीस मिनिटं नुसतं बघावं. एकच पक्षी पुन्हा पुन्हा त्याच जागी जातोय, चोचीत काडी, कापूस किंवा अळी आहे, एखाद्या ठिकाणी खाली ताजा भुसा पडलाय, ही घरट्याची खूण. बुलबुल रोज एक याप्रमाणे दोन-तीन अंडी घालतो, चौदा दिवस उबवतो आणि पिल्लं साधारण बारा-तेरा दिवसांत घरटं सोडतात. म्हणजे बुलबुलाचं घरटं दिसल्या दिवसापासून महिनाभर ती फांदी थांबली तर काम भागतं; तांबटाच्या फांदीला मात्र वर सांगितलेले सात आठवडे द्यावेत. फांदीला रंगीत चिंधी बांधा आणि कंत्राटदाराला नाही, प्रत्यक्ष कोयता चालवणाऱ्याला दाखवा. निरोप मधेच गळतो, आणि फांदी जाते.

हौसेनं बघणाऱ्यांकडूनही नुकसान होतं, हेही लिहायला हवं. फोटो नीट यावा म्हणून समोरची पानं बाजूला केली की घरट्यावर थेट ऊन येतं आणि कावळ्याला वाट सापडते. एप्रिलच्या दुपारी उघडी पिल्लं तासाभरातही दगावू शकतात. पक्षी चोचीत भक्ष्य धरून जवळच घुटमळत असेल, सतत चिडका आवाज काढत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरा. पिल्लांना पिसं फुटल्यावर तर जवळ जाऊच नये, घाबरून ती वेळेआधी उड्या मारतात.

पिल्लू खाली सापडलं तर आधी पिसं बघा. उघडंबोडकं असेल तर उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, ही समजूत खोटी आहे. घरटं मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी करंडी गवत घालून तिथेच सावलीत बांधा. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू हरवलेलं नसतं. मांजर दूर ठेवा, त्याला झुडपात सोडा, पालक येऊन भरवतात. दूध-पोळी नको, ड्रॉपरनं पाणी तर नकोच, ते श्वासनलिकेत जातं.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. सोसायटीच्या सभेत हे एकदा वाचून दाखवावं.

धोकादायक फांदी अर्थातच केव्हाही काढावी लागते. बाकीची नेहमीची छाटणी परवानगी घेऊन डिसेंबर-जानेवारीत उरकता येते. संक्रांत झाली की त्याच शिडीनं झाडात अडकलेला मांजाही उतरवून घ्यावा. फेब्रुवारीपासून पक्षी दोरे उचलू लागतात आणि घरट्यात विणलेला नायलॉन मग पिल्लांच्या पायांत गुंततो.

आपला,
एक वाचक, पुणे