डंपर पुरे झाले, आता मास्क, पाणी आणि निवड करणारे हात हवेत

युद्ध थांबल्यापासून राडारोडा उचलायला डंपर देऊ करणारे बरेच जण पुढे आले. त्यांचे आभार, पण सध्या डंपर नकोत. सरसकट भरून बाहेर ओतलेल्या ढिगाऱ्यात काँक्रीट, विटा, पीओपी, लाकूड, वायरी असं सगळं कालवलं जातं आणि मग त्यातून धड खडीही निघत नाही. निवड जागेवरच व्हायला हवी. वस्तीच्या पुनर्बांधणी समितीला मदत हवी आहे ती त्यासाठी.

बॉम्बशोधक पथकाने तपासलेल्या प्लॉटवरच काम चालतं. तरीही आत न फुटलेला दारूगोळा असू शकतो, म्हणून पोकलेन वरून खाली, थराथराने उकरते आणि बकेटवर नजर ठेवायला एक माणूस वेगळा असतो. अनोळखी धातूची वस्तू दिसली की हात लावायचा नाही. काम बंद, सगळे मागे, पथकाला निरोप. मानवी अवशेष दिसले तरी काम तिथेच थांबतं. ढिगारा घरमालकाचाच असतो, त्यामुळे त्याच्या लेखी संमतीशिवाय काही हलवलं जात नाही. कागदपत्रं आणि दागिने नोंद करून त्याच्यासाठी बाजूला ठेवतो.

सर्वांत मोठी अडचण ॲस्बेस्टॉसची, म्हणजे फुप्फुसांना घातक अशा तंतुमय खनिजाची. जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे, पाइप, बॉयलरभोवतीचं वेष्टण यांत ते असतं. एकही पत्रा क्रशरमध्ये, म्हणजे खडी फोडायच्या यंत्रात गेला तर अख्खी खडी वाया, शिवाय तंतू हवेत पसरतात ते वेगळंच. पत्रे न तोडता, थोडा साबण घातलेल्या पाण्याने भिजवून, जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, खूण करून वेगळे ठेवावे लागतात. रुमाल किंवा कापडी मास्क इथे कुचकामी. बारीक तंतू अडवणारे एफएफपी-३ दर्जाचेच मास्क द्या, आणि भरपूर द्या, कारण ते रोज बदलावे लागतात.

विटांचं काम हातांचं आहे. चुन्यात बांधलेली वीट छिन्नीच्या दोन-चार ठोक्यांत मोकळी होते. सिमेंटमधली बहुतेकदा सिमेंट सुटण्याआधी स्वतःच तुटते, तिच्यामागे वेळ घालवू नये. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज आला तर थप्पीला, बद्द आला तर भरावाला.

काँक्रीटमधल्या सळया कापल्याशिवाय क्रशर चालवता येत नाही. लांब सळई जबड्यातून निसटून फोडलेला माल वाहणारा पट्टा उभा चिरते. वाकलेल्या सळया सरळ करून पुन्हा स्लॅबमध्ये घालू नका, विशेषतः आगीत सापडलेल्या. त्या भंगारातच जाऊ द्या. पीओपी आणि जिप्समचे तुकडे हाताने वेचून काढावे लागतात, कारण त्यातल्या सल्फेटमुळे नवं काँक्रीट फुगून तडकतं.

चाळलेल्या मालातला ४ मिमीखालचा चुरा काँक्रीटला वापरायचा नाही. तो पाइपलाइनच्या चरांत आणि फरशीखाली चालतो. मोठी खडी रस्त्याच्या पायाभरणीला उत्तम: १५ ते २० सेंमीचा थर, पाणी, रोलर, मग पुढचा थर. साध्या काँक्रीटमध्ये नव्या खडीच्या जागी २० टक्क्यांपर्यंत घालावी, तीही आधी भिजवून. जुन्या सिमेंटचा लेप पाणी शोषतो आणि मिश्रण कोरडं पडतं. राडारोड्याचं बांधकाम कच्चंच असणार, असं म्हणणाऱ्यांनी पोलंडच्या वॉर्सातली मुरानूव वसाहत पाहावी. दुसऱ्या महायुद्धानंतर ती घेट्टोच्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या अवशेषांवर, त्याच राडारोड्यापासून केलेल्या ठोकळ्यांनी उभी राहिली.

तातडीने हवं ते असं: मास्क, जाड हातमोजे, पोलादी तळाचे बूट, हेल्मेट, जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टी, धूळ बसवायला टँकर, होजपाइप आणि फवाऱ्याचे नोझल, ४ आणि २० मिमीच्या चाळण्या, सळई कापायचे कटर, पट्ट्यावर टांगायचं लोहचुंबक, आणि क्रशरच्या जबड्याच्या मँगनीज पोलादी प्लेटा. त्या लवकर झिजतात, आणि नेमक्या त्याच कोणी देत नाही. गॅस कटर चालवणारे, पोकलेनचे अनुभवी ऑपरेटर आणि विटा साफ करणारे हवेत. अठरा वर्षांखालच्यांना ढिगाऱ्यावर घेतलं जाणार नाही. त्यांनी मदतीला येऊ नये.

वापरलेले मास्क, सोलवटलेली हेल्मेट आणि फाटके बूट पाठवू नका. नाव आणि कोणतं काम येतं एवढं लिहून समितीच्या साहित्य आवारात द्या. पाळी ठरली की कळवू.