लोकवर्गणीतून पॅनेल घ्यावा की नाही

लेस्टर,
8 जून 2025

तीर्थरूप दादा यांस,
वैजूचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र पोहोचले. गावाने शाळेसाठी लोकवर्गणी जमवली हे वाचून फार बरे वाटले. त्या पैशांतून तुमच्या चौथीच्या वर्गात मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटाने चालणारा डिजिटल फळा, बसवावा असा शाळा व्यवस्थापन समितीतील बहुतेकांचा आग्रह आहे, हे वाचून मात्र थोडी काळजी वाटली. काय केल्याने मुले खरोखर शिकतात याचा इकडे काही पुरावा गोळा झाला आहे का, आणि असल्यास समितीपुढे ठेवता येईल असा तो लिहून पाठव, असे तुम्ही म्हटले आहे. पुरावा पुष्कळ आहे. तुमच्या कामाचा त्यातला सर्वांत मोलाचा भाग मात्र मुंबई महापालिकेच्या शाळांतून निघालेला आहे, आणि त्याची आठवण मला लेस्टरहून करून द्यावी लागते आहे, याची गंमत वाटते.

आधी इकडचे सांगते. इंग्लंडमध्ये 2011 साली सरकारने साडेबारा कोटी पाउंड देऊन एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन नावाची संस्था उभी केली. गरीब घरांतील मुले आणि इतर मुले यांच्या शिक्षणातील अंतर कमी करणे हे तिचे काम. एखादी पद्धत चांगली वाटते म्हणून ती सगळ्या शाळांवर लादण्याऐवजी काही शाळांत ती चिठ्ठ्या टाकून द्यायची, उरलेल्या शाळांत नेहमीप्रमाणे चालू द्यायचे आणि शेवटी दोन्हींकडच्या मुलांची परीक्षा घेऊन फरक पाहायचा, असे प्रयोग ही संस्था मोठ्या प्रमाणावर करवून घेते. जगभरच्या संशोधनाचा गोषवाराही तिने मांडून ठेवला आहे. त्यात प्रत्येक उपायापुढे तीन गोष्टी दिसतात: खर्च किती, पुरावा किती भक्कम, आणि त्यामुळे मुले वर्षभरात सरासरी किती महिने पुढे जातात. हे ‘महिने’ बाजारभावासारखे वाचू नयेत, असे मी आमच्या शाळेतही सांगत असते, कारण ती अनेक देशांतील, अनेक वयांतील मुलांची सरासरी आहे आणि एकाच उपायाने एका शाळेत खूप फायदा आणि दुसरीत काहीच नाही, असे सर्रास घडते. तरीही त्या यादीवरून नजर फिरवली की एक गोष्ट चटकन लक्षात येते. ज्या गोष्टी उद्घाटनाच्या दिवशी फोटोत छान दिसतात त्या बहुधा मधल्या किंवा खालच्या ओळींत असतात. वरच्या ओळींत मुलाला त्याची चूक नेमकी दाखवणे, वाचलेल्याचा अर्थ कसा लावावा हे शिकवणे आणि स्वतःच्या अभ्यासावर स्वतः लक्ष ठेवायला शिकवणे अशी दिसायला साधी कामे आहेत. वर्गातील पटसंख्या थोडीशी कमी करणे फार महाग आणि कमी फळ देणारे ठरले आहे. नापास करून मुलाला त्याच वर्गात बसवणे तर महाग असूनही सरासरीने मुलाला मागेच ढकलते. पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेचा विषय तुमच्या शिक्षण परिषदेत निघाला, तर हे अवश्य सांगा.

आता मुंबईचे. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील शाळांत ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला होता. वस्तीतलीच, दहावी-बारावीपर्यंत शिकलेली एखादी तरुण मुलगी नेमायची, तिला थोडे प्रशिक्षण द्यायचे, आणि वाचन व अंकगणित यांत मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर तिच्याकडे सोपवायची, एवढेच त्याचे स्वरूप. 2001 ते 2003 या काळात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी त्याची रीतसर पारख केली आणि 2007 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. (बॅनर्जींना पुढे 2019 मध्ये डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळाले. त्यांच्या मातोश्री निर्मलाबाई पूर्वाश्रमीच्या पाटणकर, हे आईला सांगा, तिला आवडेल.) बालसखी असलेल्या शाळांतील मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले आणि ती वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची होती.

समितीपुढे मांडण्याजोगी खरी गोष्ट याच्या पुढची आहे. मागे पडलेली मुले बालसखीकडे गेल्यावर मूळ वर्गात मुले कमी उरली, शिक्षकांवरचा भार हलका झाला. तेव्हा वर्गात राहिलेल्या मुलांचाही फायदा व्हायला हवा होता. तसा काही फायदा आढळला नाही. म्हणजे गर्दी कमी झाल्याने फरक पडला नव्हता. जे मूल अजून जोडाक्षरापाशी अडखळते त्याला जोडाक्षरापासूनच शिकवल्याने फरक पडला होता. त्याच संशोधनात वडोदऱ्यातील चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे असे बसवून, त्यांच्या पातळीनुसार गणिताचे खेळ दिले होते. त्यांचे गणितही चांगले सुधारले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण बालसखीचा खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर होता आणि संगणकाचा पंधरा डॉलरच्या आसपास. शिवाय तो संगणक प्रत्येक जोडीला तिच्या वकुबाप्रमाणे प्रश्न देत होता. तुमच्या वर्गात बसणार असलेला पॅनेल सगळ्या वर्गाला एकाच वेळी एकच चित्रफीत दाखवणार आहे. या दोन गोष्टी एका नावाखाली ‘डिजिटल’ म्हणून खपवल्या जातात, तिथे समितीला थांबवा.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कोणीतरी तुम्हाला भर सभेत अडवील. उपक्रम बंद झाल्यावर वर्षभराने त्या फायद्यातला बराच भाग विरून गेलेला आढळला. एक वर्ष केले आणि सोडले, असे यात चालत नाही. त्याच पद्धतीचे पुढचे प्रयोग ‘प्रथम’ने बिहार, उत्तराखंड, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात केले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. सरकारी शिक्षकांना फक्त प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तर शाळेच्या नेहमीच्या तासांत जवळजवळ काहीच बदलत नाही, कारण पाठ्यपुस्तक पूर्ण करण्याच्या धावपळीत नवी पद्धत कडेला पडते. हरियाणात दिवसातला एक ठराविक तास राखून ठेवला, त्या तासाला इयत्ता विसरून मुलांचे पातळीप्रमाणे गट केले आणि तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः वर्ग घेऊन पाहिले, तेव्हा हिंदी वाचन सुधारले. गणित मात्र तिथेही सुधारले नाही. तुमच्या केंद्रप्रमुखांना हरियाणाचा हा भाग मुद्दाम वाचून दाखवा.

मदतीला मुलगी नेमली की काम झाले, असेही समजू नये. इंग्लंडमध्ये वर्गात शिक्षकाच्या जोडीला सहायक असतात. 2003 पासून काही वर्षे लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधील पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी 8,000 हून अधिक मुलांचा अभ्यास केला आणि सगळ्यांच्या अपेक्षेच्या उलट निष्कर्ष आला: ज्या मुलांना सहायकाची जास्तीत जास्त मदत मिळाली होती, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली होती. कारण शोधल्यावर जे सापडले ते कोणत्याही शिक्षकाला पटेल. सर्वांत कच्चे मूल सहायकाच्या हवाली झाल्यावर शिक्षक त्याच्याकडे फिरकत नसत, आणि सहायकाला काय करायचे याची पूर्वकल्पना नसल्याने ती बिचारी मुलाची वही पूर्ण करण्यामागे लागे. उत्तर वहीत येई, डोक्यात येत नसे. अशाच सहायकांना प्रशिक्षण देऊन, नेमका क्रम आखून, छोट्या गटाबरोबर ठरलेल्या वेळी बसवले, तेव्हा पुढच्या प्रयोगांत मुले तीन-चार महिने पुढे गेली. माणसे तशीच होती, काम देण्याची पद्धत बदलली होती. म्हणून गावातल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीला मानधन द्यायचे ठरले, तर तिच्या हाती ‘यांना जरा बघ’ असे म्हणून मुले देऊ नका. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी प्रत्येक मूल आज कुठे आहे हे तुम्ही स्वतः तपासा, रोजच्या दोन तासांत काय करायचे ते लिहून द्या आणि आठवड्यातून एकदा त्या गटाला तुम्हीच शिकवा.

आमच्या वर्गात रोज वापरात असलेली आणि तुम्हाला जवळजवळ फुकट करता येईल अशी एक गोष्ट म्हणजे पाटी. इकडे ती पांढरी असते आणि तिच्यावर पुसता येणाऱ्या पेनाने लिहितात, एवढाच फरक. मी प्रश्न विचारते, मुले पाटीवर उत्तर लिहून ती उलटी धरतात, आणि मी ‘दाखवा’ म्हटले की सगळ्या पाट्या एकदम वर येतात. परवा मी विचारले की तीन चतुर्थांश मोठा की पाच अष्टमांश. हात वर करणाऱ्यांपैकी एकाला विचारले असते, तर बरोबर उत्तर मिळाले असते आणि मी पुढे गेले असते. पाट्या वर आल्या तेव्हा दिसले की जवळजवळ अर्ध्या वर्गाने पाच अष्टमांश लिहिले होते, कारण पाच तिनापेक्षा मोठे आणि आठ चारांपेक्षा मोठे. मग पुढचा धडा बाजूला ठेवला, कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, घड्या घालून एकीचे चार आणि दुसरीचे आठ सारखे भाग केले आणि दोन्ही शेजारी ठेवून मुलांनाच मोजायला लावल्या. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी 1998 मध्ये शेकडो संशोधने चाळून जे सांगितले, ते व्यवहारात असे दिसते: मुलांना काय कळले आहे हे शिकवतानाच पाहायचे आणि त्याप्रमाणे त्याच तासाला शिकवणे बदलायचे.

तासाच्या सुरुवातीला आम्ही फळ्यावर चार प्रश्न लिहितो. एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला आणि एक मागच्या सत्रातला. वही-पुस्तक बंद. याला गुण नसतात, नोंदवहीत काही चढत नाही. आठवण्याचा प्रयत्न केल्यानेच आठवण पक्की होते, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये छान दाखवले आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तर दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा त्यांना 42 टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. तुम्ही लहानपणी मला रोज संध्याकाळी पाढे उलटसुलट विचारायचात, त्यामागचे शास्त्र हेच होते. आकारिक मूल्यमापनाच्या तक्त्यांत हे कोंबू नका, इतकीच विनंती. गुण लागले की मुले घाबरतात आणि न आठवणारे मूल शेजाऱ्याच्या पाटीत डोकावते.

लाल पेनाबद्दल तुम्हाला राग येईल, पण लिहितेच. रूथ बटलर यांच्या 1988 सालच्या इस्राएलमधील अभ्यासात ज्या मुलांना फक्त शेरा मिळाला ती सुधारली. ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही, कारण गुण पाहिल्यावर शेरा कोण वाचतो? तेव्हा प्रत्येक वहीत ‘छान’, ‘प्रयत्न कर’ लिहीत रात्री जागण्यापेक्षा साऱ्या वह्या चाळून दोन-तीन सामाईक चुका टिपाव्यात आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुन्हा शिकवाव्यात. तुमच्या डोळ्यांनाही विश्रांती मिळेल.

काही गोष्टी इकडून मुळीच घेऊ नयेत. हे मूल पाहून शिकणारे, ते ऐकून शिकणारे, अशी वर्गवारी करणारे प्रशिक्षण कोणी द्यायला आले तर चहा पाजून परत पाठवा. 2008 मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी सारे पुरावे तपासले आणि त्या वर्गवारीप्रमाणे शिकवण्याला आधार सापडला नाही. तसेच इंग्रजी वाचनासाठी इकडे ध्वनी आणि अक्षरे जोडून शिकवण्यावर फार भर आहे आणि 2012 पासून सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला 40 शब्द वाचायला देतात, त्यांतील 20 तर निरर्थक असतात. इंग्रजीच्या विचित्र स्पेलिंगसाठी ते आवश्यक आहे. आपल्या मुलांची अडचण वेगळी आहे, काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरे यांची, म्हणून तिकडच्या मराठी वर्गासाठी ते साहित्य विकत घेण्यात अर्थ नाही.

तेव्हा समितीला माझा हिशेब असा सांगा: पॅनेल रद्द करावा, त्यातून एका मुलीचे निदान दोन वर्षांचे मानधन, सगळ्या वर्गांना पाट्या आणि मुलांना वाचता येतील अशी गोष्टींची भरपूर पुस्तके घ्यावीत. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाची वाचनाची पायरी लिहून ठेवा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तीच तपासणी दुसऱ्या शाळेतील शिक्षकाकडून करून घ्या, म्हणजे आपल्याच मुलांना आपण झुकते माप दिले असे कोणी म्हणणार नाही. पॅनेलवाले ऐकतच नसतील, तर त्यांना त्या विक्रेत्याकडून एवढेच लेखी मागायला सांगा की कोणत्या शाळेत, किती मुलांचे वाचन यामुळे किती सुधारले आणि ते कोणी मोजले.

पाट्या आणि पुस्तकांसाठी माझा वाटा मी पुढच्या आठवड्यात तुमच्या खात्यावर पाठवते. पुस्तकांची यादी वहिनींनी करावी, त्यांची निवड तुमच्यापेक्षा चांगली असते. आईला साष्टांग नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. समितीची बैठक झाली की काय ठरले ते लगेच कळवा.

तुमची धाकटी बहीण,
वैजू