‘द लिंकन लॉयर’: वकिलाला दोष द्यायचाच तर...

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘द लिंकन लॉयर’ या चित्रपटाविषयी एका वाचक भगिनींचे पत्र आपल्या रविवारच्या अंकात वाचले. पैसे घेऊन गुन्हेगारांना सोडवणाऱ्या वकिलाला नायक का करावे, असा त्यांचा सवाल आहे. मी सिनेमाचा जाणकार नाही. पण नोकरी कोर्टात रोजनामा, म्हणजे तारखेला खटल्यात काय झाले त्याची नोंद, लिहिण्यात गेली, त्यामुळे वकील मंडळी जवळून पाहिली आहेत. चित्रपटातल्या त्या वकिलाला दोष द्यायला माझी अजिबात हरकत नाही. भगिनींनी तो चुकीच्या जागी दिला, एवढेच म्हणणे.

चित्रपट २०११ चा, मायकेल कॉनेली यांच्या कादंबरीवरचा. लॉस एंजेलिसचा फौजदारी वकील मिक हॉलर लिंकन गाडीच्या मागच्या सीटवरूनच वकिली चालवतो. मॅथ्यू मॅकॉनहेने हे काम झकास केले आहे. सुरुवातीलाच हा वकील साक्षीदार सापडत नाही म्हणून तारीख मागतो, आणि खरे कारण फी आलेली नसते. आमच्या कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, बार रूममध्ये, हे दृश्य दाखवले तर सगळ्यात मोठ्याने कोण हसेल, ते मी सांगू शकतो, सांगत नाही.

पुढे त्याला लुई रूले हा बड्या घरचा अशील मिळतो. एका बाईला बेदम मारहाण केल्याचा आरोप. कागद चाळता चाळता हॉलरच्या लक्षात येते, की अशाच धाटणीच्या एका जुन्या खुनाच्या खटल्यात आपण मार्टिनेझ नावाच्या अशिलाला गुन्हा कबूल करायला लावले होते. तो ‘मी केले नाही’ म्हणत होता. फाशी टळेल, एवढ्या हिशेबावर हॉलरने त्याला जन्मठेप घ्यायला लावली. तो खून रूलेचा, आणि रूलेने मुद्दाम याच वकिलाला धरले आहे, कारण अशिलाने वकिलाला सांगितलेले वकिलाला बाहेर बोलता येत नाही.

भगिनींचा राग रूलेचे वकीलपत्र घेण्यावर आहे. माझ्या मते त्यात गैर काहीच नाही. आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकाला वकील करण्याचा हक्क दिला आहे. आरोपी दोषी आहे असे स्वतःला वाटले तरी वकिलाने त्याचा बचाव करावा, असे बार कौन्सिल या वकिलांच्या संस्थेचे नियमच सांगतात. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे ठराव वकील संघटना अधूनमधून करतात. ते बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले आहे. आणि सोलापूरकरांनी तरी ‘आरोपी’ म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नये. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले आपले हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन इंग्रज सरकारच्या कागदावर पोलिसांच्या खुनाचे गुन्हेगारच होते.

हॉलरचा अपराध मार्टिनेझच्या बाबतीतला आहे, आणि तो करताना त्याने एकही नियम मोडलेला नाही. अशिलाचे ऐकून घेतले नाही, इतकेच. चित्रपटाचा शेवट चतुर आहे, टाळ्या घेणारा आहे. मला मात्र हॉलर तुरुंगात मार्टिनेझला भेटायला जातो तो प्रसंग अधिक बोचला.

आपल्याकडे असे होत नाही, असे कोणी म्हणेल. खुनाच्या खटल्यात खरेच होत नाही. गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेण्याची वाटाघाट आपल्या कायद्यात २००६ पासून आहे, पण सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना, तसेच स्त्रियांवरच्या आणि मुलांवरच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. किरकोळ खटल्यांत मात्र वाटाघाटीचीही गरज पडत नाही. जुगार, दारू, हाणामारी. यंत्रमागावरचा माणूस तारखेला आला की त्या दिवसाची मजुरी बुडते. दोन-तीन तारखा झाल्या की कोणीतरी त्याला सांगतो, ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ न्यायाधीश विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ आपल्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडचा माणूस कानडीत विचार करतो. प्रश्न मराठीत येतो, आरोपी वकिलाकडे बघतो, वकील मान हलवतो, मग आरोपीही हलवतो. अशा किरकोळ, म्हणजे समन्स खटल्यात कबुली शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत लिहावी, असे कायदा म्हणतो. मान हलवण्याला कुठले आले शब्द! निरनिराळ्या न्यायालयांत मी हे पाहिले आहे, आणि त्यातले सगळेच निर्दोष होते असा माझा दावा नाही. पण पुढे कुठे नोकरीला लागताना पोलीस पडताळणीत ती शिक्षा निघते, तेव्हा ‘दंड भरून मोकळा’ झालेला माणूस पुन्हा कोर्टाच्या आवारात चकरा मारू लागतो.

जे कबूल करत नाहीत आणि ज्यांना जामीनदार मिळत नाही, ते आत राहतात. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांत सुमारे तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते.

यावरचा उपाय कायद्यात आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि कोठडीतला माणूस यांना फुकट वकील मिळतो. म्हणजे विड्या वळणाऱ्या बाईला उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. हे आपल्या शहरातल्या किती विडी कामगार बायकांना ठाऊक आहे? वकील मिळाला तरी तो अशिलाजवळ किती वेळ बसतो, हा पुढचा प्रश्न. त्याबाबतीत हॉलरसारखा फी घेणारा वकीलही मार्टिनेझजवळ बसला नव्हता, हेही लक्षात घ्यावे.

आपल्या कोर्टवार्तांत आरोपीचे नाव, कलम आणि शिक्षा छापून येते. गुन्हा कबूल केल्यावर शिक्षा झाली की साक्षीपुराव्यावर, आरोपीला वकील होता का, तो खासगी होता की विधी सेवेतून मिळालेला, एवढे एका ओळीत देता आले तर द्यावे. माहिती निकालपत्रात आणि रोजनाम्यात असते, काढायला अवघड नाही.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
विजापूर रोड, सोलापूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)