फाटकाबाहेरचे पन्नास मीटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या वाढत्या वजनाचा विषय निघाला की लोक हटकून शाळेतल्या खिचडीला नावं ठेवतात. मी तीस वर्षं नागपुरात खेळाची शिक्षिका होते. मला हे पटत नाही. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल असं मोजून मिळतं. 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं! एवढ्यानं कोणी लठ्ठ होत नाही. उलट आठवड्याला एक अंडं मिळायला लागलं होतं, त्याचा निधी राज्य सरकारनं जानेवारी 2025 मध्ये थांबवला, याचं मला फार वाईट वाटलं.

मोजमाप नाही ते फाटकाबाहेर. नातवाला आणायला जाते तेव्हा रोज बघते. पोंग्यांचं पाकीट, वर गोड शीतपेयाची छोटी बाटली, आणि व्हॅन येईस्तोवर दोन्ही संपलेलं. जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2020 पासून आहे. मी पावलं मोजली. पहिलं दुकान तेराव्या पावलावर लागलं.

ठेलेवाल्यांना हाकलून लावा, असं मी म्हणत नाही. त्यांचंही पोट आहे. त्याच ठेल्यावर मोड आलेली मटकी, उकडलेले चणे, हंगामात आपली संत्री का नसावीत? मनपा आणि अन्न व औषध प्रशासनानं त्यांच्याशी बसून बोलावं.

सातवीतला एक विद्यार्थी आठवतो. मैदानाची एक फेरी पुरी व्हायच्या आत गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायचा. आईला बोलावलं तर म्हणाली, “मॅडम, खात्यापित्या घरचा आहे, अंगानं भरलाय.” घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर, आणि मुलगा व्हॅननं यायचा. त्याच्या वर्गाला आठवड्यात खेळाचे दोन तास होते, परीक्षा जवळ आली की तेही गणिताला जायचे. मी ते जाऊ दिले, याची खंत आहे. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज 60 मिनिटं अंगमेहनत सांगते.

जगात लठ्ठ मुलांची संख्या आता कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झाल्याचं युनिसेफनं सप्टेंबर 2025 मध्ये सांगितलं. दक्षिण आशियात अजून तशी वेळ आलेली नाही. म्हणूनच ही घाई.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. वेळापत्रकं त्याआधी बनतात. मुख्याध्यापकांना विनंती आहे की, खेळाचा तास रोज ठेवा आणि सकाळी पहिलाच ठेवा. आपल्याकडच्या उन्हात दुपारी मैदानावर उभंही राहवत नाही, आणि पहिला तास सहसा कोणी मागायला येत नाही.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
मानेवाडा, नागपूर